डॉक्टरबाईंचा पहिल्या फेरीतला भाडेकरू

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला, कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या एका सराव सामन्याच्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये, यजमान संघाने पहिल्या फेरीत निवडलेला नवा बचावपटू चक्कर येऊन मैदानावर बसला. त्याला कुणाचा धक्का लागलेला नव्हता. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. उपाशी राहण्याचा सल्ला त्याला त्याच्या घरमालकिणीने दिला होता. घरमालकीण निवृत्त डॉक्टर होत्या आणि माझ्या समोरच्या घरात राहत होत्या.

हा मजकूर त्या घरमालकिणीबद्दल आहे.

बोलता बोलता समोरच्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची त्यांना सवय होती. हवापाण्याच्या गप्पा असोत, की बर्फ शोव्हल करण्यावरून शेजाऱ्याशी झालेली कुरबूर असो, बोटं आपोआप नाडीवर जात. नाडी मोजत होत्या की नुसता धीर देत होत्या, ते कळायचं नाही. पोस्टमन हात मागे घ्यायचा. मी घेत नसे. चाळीसेक वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल दिली होती. त्याआधी काही वर्षं मिरजेला. गल्लीतले गोरे त्यांना ‘डॉक’ म्हणायचे, आम्ही तीन-चार मराठी घरं ‘डॉक्टरबाई’.

दुसरी सवय एका वाक्याची. कुणी कसलीही घाई केली की त्या म्हणायच्या, “घाई सर्जनला असते, मला नसते.” ग्रोसरीच्या रांगेत म्हणायच्या, सिग्नलला मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली की म्हणायच्या. एकदा देवळात आरतीला उशीर झाला म्हणून गुरुजी चुळबूळ करत होते, तर त्यांनाही म्हणाल्या.

आमची गल्ली स्टेडियमला लागून आहे. सामन्याच्या दिवशी इथले लोक आपापल्या ड्राइव्हवेत आणि हिरवळीवर परक्यांच्या गाड्या लावून घेतात. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पार्किंगचा दर लिहायचा, खुर्ची टाकून बसायचं, हात हलवायचा. डॉक्टरबाईही बसायच्या. त्यांचे नियम वेगळे होते. गाडी आत घेण्याआधी त्या खिडकीशी वाकून विचारत, “संघ हरायला लागला तर निघून जाणार का?” जो ‘हो’ म्हणेल त्याला जागा नाही. “ऑपरेशन अर्धं सोडून जाणारी माणसं मला चालत नाहीत.” लोक हसत आणि खोटं बोलत. बाईंना खोटं कळायचं. तरीही घ्यायच्या, पण त्याची गाडी सगळ्यात आत लावायला लावायच्या, म्हणजे त्याला शेवटपर्यंत थांबणं भाग पडे.

नवरा वारल्यावर त्यांनी स्टेडियमात जाणं बंद केलं होतं. पोर्चवर बसून रेडिओवर सामना ऐकत. आमच्या गल्लीत एक गंमत आहे. स्टेडियममधला आरडाओरडा आधी पोहोचतो आणि रेडिओवरचा निवेदक नंतर. काय झालं ते कळायच्या आत, बरं झालं की वाईट ते कळतं.

मी या संघाच्या सामन्यांचं वार्तांकन करतो. त्याआधी पुण्यात एका दैनिकात होतो. त्यामुळे डॉक्टरबाई मला ‘बातमीदार’ म्हणायच्या आणि माझ्यासमोर जपून बोलायच्या. “तुला सांगितलं की गावाला सांगितलं.”

वाचकांतल्या ज्यांना हा खेळ, म्हणजे इकडचा हाताने फेकायचा फुटबॉल, परका आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दर वसंतात इथले संघ विद्यापीठांतले खेळाडू पाळीपाळीने निवडतात. पहिल्या फेरीत नाव आलं म्हणजे तो त्या वर्षीच्या मोजक्या उत्तमांपैकी. आमच्या संघाने निवडलेल्या या मुलाचं काम एकच होतं. समोरच्या संघात चेंडू फेकणारा जो क्वार्टरबॅक असतो, त्याने चेंडू फेकण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचायचं. मध्ये सव्वाशे-दीडशे किलोची माणसं भिंतीसारखी उभी असतात. ती भिंत फोडायची किंवा तिला वळसा घालायचा. असा माणूस नसेल तर समोरचा क्वार्टरबॅक निवांत उभा राहतो आणि सामना हातचा जातो. आमच्याकडे दोन वर्षं तो माणूस नव्हता. म्हणून गावाला तो लगेच हवा होता, पहिल्याच सामन्यापासून.

त्याचं नाव कोडी. सस्कॅचवानमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. स्टेडियमपासून चालत जाता येईल अशी जागा शोधत होता, आणि डॉक्टरबाईंचं बेसमेंट रिकामं होतं. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहिला तेव्हा दाराची चौकट भरून गेली. बाईंनी त्याचं मनगट धरलं. त्यांची बोटं पुरेनात.

“काय खातोस?” त्यांनी विचारलं.

“एनिथिंग, मॅम.”

“मॅम नाही. डॉक.”

“यस, डॉक.”

आठवड्याभरात तो थालीपीठ हाताने खायला लागला. लोणी मागून घ्यायचा. ताकाला त्याने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग तांब्याच तोंडाला लावला.

आमच्या मागच्या गल्लीत मंदार राहतो. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याच्याकडे प्रत्येक खेळाडूचे आकडे असतात. तो एका रविवारी बाईंच्या पोर्चवर चहाला आला आणि वाद सुरू झाला.

“काकू, फर्स्ट राउंडचा पिक आहे. इम्पॅक्ट लगेच दिसला पाहिजे. नाहीतर पिक वाया.”

“तुला नोकरी लागली तेव्हा पहिल्या महिन्यात तू काय इम्पॅक्ट केलास?”

“पहिल्या महिन्यात माझा लॅपटॉपच आला नव्हता.”

“मग?”

“ते वेगळं आहे, काकू.”

“काय वेगळं? तुझ्यावर दीडशे किलोचा माणूस पडत नव्हता, एवढंच. तुला लॅपटॉप नव्हता म्हणून कुणाचं काही मोडलं नाही. याचं मोडेल.”

मंदार म्हणाला, “पण ट्रेन केलेला आहे तो. कॉलेजमध्ये चार वर्षं हेच करत होता.”

बाई गप्प राहिल्या. त्यांनी चहा संपवला. त्या गप्प का राहिल्या ते मला तेव्हा कळलं नाही. महिन्यानंतर कोडीने स्वतःच सांगितलं. छापायचं नाही या अटीवर नव्हे. तोपर्यंत सगळं जाहीर झालेलं होतं.

झालं होतं असं. बेसमेंटच्या जिन्याला तेव्हा कठडा नव्हता. कोडी वर येताना प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी टाकायचा आणि डावा त्याच्या शेजारी आणून ठेवायचा, लहान मुलं चढतात तसा. बाई स्वयंपाकघरातून ते ऐकायच्या. जिन्यावरचा आवाज त्यांना सांगत होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, “डाव्या गुडघ्याला काय झालंय?”

“नथिंग, डॉक.”

“खोटं.”

मग त्याने सांगितलं. विद्यापीठातल्या शेवटच्या सामन्यात गुडघा आतल्या बाजूने मुरगळला होता. सुजला, उतरला, परत सुजला. निवडीआधीच्या तपासणीच्या दिवशी नेमका उतरलेला होता. आता सराव सुरू झाल्यापासून पुन्हा दुखत होता. संघाला सांगितलं तर बसवतील. बसवलं तर गाव म्हणेल, पहिली फेरी वाया घालवली. त्याचा बाप शेतातलं काम सोडून पहिल्या सामन्याला गाडी चालवत येणार होता.

“तू सांगायचं. पहिल्या लीग सामन्याच्या आधी,” बाई म्हणाल्या.

“नाहीतर तुम्ही सांगाल?”

“मी नाही सांगणार. तू माझा पेशंट नाहीस, भाडेकरू आहेस. पण तू सांगितलं नाहीस तर दुसरं बेसमेंट शोध. माझ्या जिन्यावरून हे ऐकायची माझी तयारी नाही.”

कोडीने मान हलवली. सांगितलं नाही. सराव सामन्याचा दिवस उजाडला. लीगचा पहिला सामना त्याच्या पुढच्याच आठवड्यात होता.

त्या सकाळी तो वर आला तेव्हा पांढरा पडला होता. मोठ्या सामन्याआधी त्याला उलटी व्हायची, शाळेपासून. त्याने विचारलं, “डॉक, यावर काही उपाय?”

बाई ओट्याशी कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सकाळपासून पोटात काही नको. पाणी घोटभर. मग होणार नाही.”

चाळीस वर्षं, दर सकाळी, घाबरलेल्या माणसांना त्यांनी हेच सांगितलं होतं. त्या माणसांना नंतर भूल घेऊन आडवं व्हायचं असे. या माणसाला भर उन्हात, प्लॅस्टिकच्या तापलेल्या गवतावर, तीन तास धावायचं होतं. शेतकऱ्याच्या आज्ञाधारक मुलाने डॉक्टरचं ऐकलं. थालीपीठ तसंच ताटात राहिलं.

मी त्या दिवशी प्रेस बॉक्समध्ये होतो. पहिल्या क्वार्टरमध्ये तो दोनदा छान वळसा घालून गेला. शेजारचा रेडिओवाला म्हणाला, “आता बघा, लीगच्या पहिल्या सामन्यात हाच सुरुवातीपासून खेळणार.” दुसऱ्या क्वार्टरमध्ये खेळ थांबलेला असताना तो एका गुडघ्यावर बसला, मग दोन्हींवर, मग सरळ पाय पसरून. त्याला आत नेलं.

मी घरी पोहोचलो तेव्हा डॉक्टरबाई पोर्चवर फोनवर होत्या. क्लबच्या कार्यालयापासून सुरुवात करून त्यांनी संघाच्या डॉक्टरपर्यंत मजल मारली होती. त्यांचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. त्याचा मथितार्थ असा: मी अमुक. मी भूलतज्ज्ञ होते. तो माझा भाडेकरू आहे. उपाशी राहायला मी सांगितलं. चूक माझी आहे, त्याच्या शरीरात काही शोधत बसू नका, आधी त्याला साखर द्या.

साखर दिली गेली होती. पण शोध थांबला नाही. पहिल्या फेरीतला खेळाडू धक्का न लागता खाली बसला होता; डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं हा नियम होता. डाव्या गुडघ्यावरची पट्टी काढली तेव्हा आत पाणी साचलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये लिगामेंट थोडं फाटलेलं निघालं. ऑपरेशनची गरज नव्हती. विश्रांती आणि व्यायाम, उन्हाळा संपेपर्यंत. क्लबच्या डॉक्टरने आम्हा पत्रकारांना सांगितलं की असाच पुढच्या आठवड्यात मैदानात उतरला असता तर ते पूर्ण तुटण्याची शक्यता मोठी होती, आणि मग गोष्ट एका वर्षाची झाली असती, कदाचित त्याहून जास्त.

ही बातमी मी दिली. मग रस्ता ओलांडून गेलो.

“डॉक्टरबाई, एक विचारू? उपाशी राहा, हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत का?”

“नाही.”

“म्हणजे, गुडघा तुमच्या नजरेतून सुटला नसेल, म्हणून—”

“बातमीदारा, ऐक. चूक झाली. म्हातारपणी सवयीने तोंडातून गेलं. त्या मुलाला तिथे काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं त्याच्या आईला? चांगलं निघालं म्हणून चुकीला अक्कल म्हणू नकोस. मला उगाच हुशार ठरवू नकोस.”

त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं दिलं आहे. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचा हात माझ्या मनगटावर नव्हता. दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत घट्ट धरलेले होते. मग एकदम म्हणाल्या, “पण सुटला रे. सुटला बिचारा,” आणि आत जाऊन त्यांनी बऱ्याच वेळाने चहा आणला. साखर दुप्पट पडली होती. मी प्यायलो.

उन्हाळाभर गावाने कोडीला धारेवर धरलं. रेडिओवर फोन यायचे. पहिली फेरी बेसमेंटमध्ये बसवून ठेवली आहे, असं एकजण म्हणाला. ते शब्दशः खरं होतं. ड्राइव्हवेत गाड्या लावणारे लोक बाईंना ऐकवायचे. बाई त्यांच्या गाड्या सगळ्यात आत लावायच्या.

कोडी रुसला होता. जेवायला वर यायचा, बोलायचा नाही. बाईंनी जिन्याला कठडा बसवून घेतला. त्याने तो धरला नाही. एका दुपारी मी ताकाचं भांडं परत करायला गेलो होतो. तो टेबलाशी बसून म्हणत होता, “त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, डॉक. मला नुसतं बघायला बसवलंय.”

बाईंनी गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर बसल्या.

“मी इथे आले तेव्हा मिरजेला किती पेशंट झोपवून आले होते, त्याची मोजदाद नव्हती. इथे मला भिंतीला लागून उभं केलं. बघत राहा म्हणाले. महिनेच्या महिने. सिरिंजला हात लावू देईनात. माझी डिग्री त्यांना खरी वाटत नव्हती. घरी येऊन मी भांडी आपटायचे.”

“मग? ते बरोबर होतं?”

“नाही. ते चूकच होतं. अजून राग येतो.” बाई म्हणाल्या, “पण नंतर माझ्या हाताखाली नवीन मुलं आली, तेव्हा मीही त्यांना भिंतीला लागून उभं केलं. त्यांना वाटायचं, बाईचा विश्वास नाही. मला काळजी असायची. उभं राहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून सांगते. तुझं दुसरं आहे, माझं पहिलं होतं.”

कोडीने पोळी मागितली. बाईंनी दोन वाढल्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीच्या सामन्यात त्याला संघात घेतलं. सुरुवातीपासून नाही; समोरचा संघ चेंडू फेकणार हे नक्की असेल तेवढ्याच वेळा मैदानात, मग परत बाहेर. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. मंदार, मी आणि डॉक्टरबाई पोर्चवर बसलो. ड्राइव्हवे भरलेला. रेडिओ चालू.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये निवेदकाने सांगितलं, कोडी आत येतो आहे. त्याच्या पुढच्या क्षणी स्टेडियम गप्प झालं.

आरडाओरडा आधी पोहोचतो हे आम्हाला माहीत होतं. गप्पपणा आधी पोहोचतो हे त्या दिवशी कळलं. आमच्या गल्लीत इतकी माणसं इतकी शांत कधी नसतात. कुणीतरी मैदानावर पडलेलं असतं तेव्हाच तसं होतं. रेडिओवर निवेदक अजून आधीचंच बोलत होता. त्याच्या जगात अजून काही झालेलं नव्हतं. मंदारने आवाज वाढवला. बाई खुर्चीच्या कडेला आल्या. त्यांनी मंदारचं मनगट पकडलं होतं, आणि या वेळी नाडी मोजत नव्हत्या, कारण तो नंतर म्हणाला, वळ उठले होते.

मग निवेदक तिथवर पोहोचला. पाहुण्या संघाचा एक खेळाडू खाली आहे. कोडी उभा आहे. थोड्या वेळाने तो खालचाही उठला, चालत बाहेर गेला, टाळ्या आल्या.

“काकू, हात,” मंदार म्हणाला.

“असू दे. जिवंत आहेस,” बाई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हसू थांबेना. मंदारही हसला. ड्राइव्हवेत बसलेला कुणी गोरा आमच्याकडे बघून काय झालं ते न कळता हसला.

शेवटच्या क्वार्टरमध्ये कोडी एकदा भिंतीला वळसा घालून आत शिरला. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचला नाही. पण तो येतो आहे हे दिसल्यामुळे क्वार्टरबॅकने चेंडू घाईने सोडला आणि आमच्या दुसऱ्या खेळाडूने तो हवेतच झेलला. आम्ही जिंकलो. सामन्याच्या अधिकृत आकडेवारीत कोडीच्या नावापुढे काही नाही. मंदारने ते मला फोनवर दाखवलं.

“बघ, इम्पॅक्ट कुठे लिहिलाय?”

बाई म्हणाल्या, “भूल दिलेली कुणाला आठवते? ऑपरेशन सर्जनच्या नावावर.”

त्या हिवाळ्यात डॉक्टरबाई पोर्चच्या पायरीवर घसरल्या. काही मोडलं नाही. पण ओकव्हिलला राहणाऱ्या लेकीने आता एकटं राहू द्यायचं नाही असं ठरवलं, आणि बाईंनी वाद न घालता कपाटं आवरायला घेतली. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लढण्यासारखं असेल तर लढतात, नसेल तर सामान बांधतात. मार्चमध्ये त्या लेकीकडे राहायला गेल्या. घर लेकीने विकलं नाही. वरचा मजला एका कुटुंबाला दिला, बेसमेंट कोडीकडेच राहिलं. जाताना बाईंनी त्याला थालीपिठाची भाजणी दिली आणि कशी थापायची ते दाखवलं. त्याने पहिलं थापलं ते तव्यापेक्षा मोठं झालं.

मे महिन्याच्या तपासणीत क्लबच्या डॉक्टरने त्याचा गुडघा ठीक असल्याचं नोंदवलं. या वर्षीच्या पहिल्या लीग सामन्यात तो सुरुवातीपासून मैदानात होता. त्याचा बाप सस्कॅचवानहून गाडी चालवत आला आणि डॉक्टरबाईंच्या ड्राइव्हवेत त्याने गाडी लावली.

दुसऱ्या दिवशी मी ओकव्हिलला फोन केला. लेकीने उचलला. सामना पाहिला का, असं मी विचारलं.

“टीव्ही लावून दिला होता,” ती म्हणाली. “पहिल्याच झटापटीत तो खाली पडला. आई उठून बसली. तो उठला, गुडघा झटकला, परत जागेवर जाऊन उभा राहिला. तेवढं तिने बघितलं, ‘गुडघा ठीक आहे’ म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली. सामना संपला तेव्हा मीच टीव्ही बंद केला.”